काडीचं विमान: बांधायचं कसं आणि लावायचं कसं

बाल्साच्या काड्या, पातळ कागद, प्लास्टिकचा पंखा आणि रबराची एक पट्टी एवढ्या सामानात दहा-बारा ग्रॅमचं विमान होतं. ते नीट जमलं तर रिमोट नाही, बॅटरी नाही, नुसता पिळलेल्या रबरानं फिरणारा पंखा, तरी अर्धा मिनिट मैदानावर गोल गोल फिरत राहतं. पण पहिल्यांदा बांधणाऱ्या बहुतेकांचं विमान पाच सेकंदांत नाक घासतं. मग 'लाकूडच खराब होतं', 'रबर जुनं होतं' अशी कारणं निघतात. खरं कारण बहुधा वेगळंच असतं: विमान बांधलेलं असतं, पण लावलेलं नसतं. लावणं म्हणजे तंबोरा लावतात त्या अर्थानं. बांधायला दोन रविवार पुरतात, लावायला मात्र तीन-चार सकाळी द्याव्या लागतात. त्या देणार नसाल तर दुकानातलं फोमचं विमान आणलेलं बरं.

पहिलं विमान स्पिटफायर किंवा तेजस या लढाऊ विमानांसारखं दिसावं, असा हट्ट धरू नका. हुबेहूब दिसणारं विमान जड होतं, त्याचं नाक आखूड असतं आणि आपटल्यावर ते दुरुस्त करताना रडू येतं. इथे दिलंय ते एका काडीवर पंख आणि शेपूट बसवलेलं साधं विमान आहे. दिसायला काटकुळं, पण उडायला गुणी.

लाकूड: आधी वजन करा

बाल्साचं झाड मुख्यतः इक्वेडोरमधून येतं. ते भराभर वाढतं, म्हणून त्याचं लाकूड हलकं. पण सगळा बाल्सा सारखा नसतो. एकाच गठ्ठ्यातल्या दोन फळ्यांत दीडपट फरक निघतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडे मिळणारी फळी साधारण ९१५ मिमी लांब, ७५ किंवा १०० मिमी रुंद असते. ७५ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड फळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. वीस ग्रॅमच्या आसपास भरली तर हलकी. तिच्यातून शेपूट करा. तीस ग्रॅमच्या पुढे गेली तर ती टणक. मधली काडी आणि पंखाची पुढची कड त्यातून काढा. काट्यावर ठेवणं जमत नसेल तर नखानं दाबून बघा: हलक्या फळीवर लगेच खूण उठते. दुकानात हे जरा चोरून करावं लागतं.

'परदेशी लाकूड कशाला, आपला पांगारा काय वाईट?' असं कुणीतरी विचारतंच. सावंतवाडीच्या खेळण्यांना पांगारा छान, पण चांगल्या बाल्साच्या तुलनेत तो दुपटीहून जड. बाशिंगाचं भेंड उलट बाल्सापेक्षाही हलकं, पण त्यात काडीची ताकद नाही. दोन्ही करून बघायला हरकत नाही, पहिल्या विमानात मात्र नको.

बाकीचं सामान: ३ मिमी आणि १.५ मिमीची एकेक फळी, नवीन पातं घातलेला कटर, स्टीलची पट्टी, टाचण्या, जुना सॉफ्टबोर्ड किंवा थर्माकोलचा जाड तुकडा, दोन प्रकारचा पॉलिश पेपर (१५० आणि ४००), फेविकॉल, गोंदाची कांडी, ०.८ मिमीची पियानो वायर (कडक पोलादी तार) आणि चिमटा. पंखा १५ सेंमी व्यासाचा, तयार मिळतो तो घ्या. सोबत त्याचा आस, मणी आणि काडीच्या टोकावर बसणारा प्लास्टिकचा टोपीसारखा भाग येतो. पंखा घरी करायची हौस असेल तर श्रीखंडाच्या गोल प्लास्टिकच्या डब्याच्या भिंतीतून पाती कापता येतात. पात्याची मधली रेघ डब्याच्या उभ्या रेघेशी १५ अंश तिरकी धरली की त्याला हवा तसा पीळ आपोआप मिळतो. पण हा उद्योग दुसऱ्या विमानासाठी ठेवा.

बांधणी

कागदावर खऱ्या मापाचा आराखडा काढा. माप असं: पंखाची लांबी टोकापासून टोकापर्यंत ४० सेंमी, रुंदी ९ सेंमी. आडवं शेपूट १६ × ७ सेंमी. उभं शेपूट ६ सेंमी रुंद, ७ सेंमी उंच. मधली काडी ३० सेंमी लांब, १० मिमी उंच, ३ मिमी जाड. आराखडा बोर्डावर चिकटवून त्यावर प्लास्टिकची पिशवी ताणून लावा, नाहीतर विमान कागदासकट निघेल.

३ मिमीच्या फळीतून ३ मिमी रुंदीच्या काड्या कापायच्या. कटर एका दमात आरपार दाबू नका. पातं लाकडाच्या रेषेच्या मागे धावतं आणि काडी एका टोकाला दोन, दुसऱ्याला चार मिमी होते. स्टीलची पट्टी घट्ट धरून तीन-चार हलके हात मारा. बोटं पट्टीच्या कडेच्या आत ठेवा. हे वाक्य मी डाव्या तर्जनीवरच्या जुन्या खुणेकडे बघत लिहितोय.

पंखाचे दोन अर्धे वेगवेगळे बांधायचे, प्रत्येक २० सेंमीचा. पुढची कड, मागची कड, आणि मध्ये चार आडव्या फासळ्या. टाचणी काडीत खुपसायची नाही. काडीच्या दोन्ही बाजूंना तिरप्या दोन टाचण्या लावून ती जागेवर धरायची. सांध्यावर टूथपिकच्या टोकानं फेविकॉलचा थेंब, बाजूला आलेला लगेच पुसायचा. नवशिक्याच्या विमानात लाकडाइतकाच फेविकॉल असतो. माझं पहिलं विमान सतरा ग्रॅम भरलं होतं, आणि सांधे इतके मजबूत की विमान मोडलं तरी सांधे शाबूत. फेविक्विकनं काम झटपट होतं, पण चुकलेला सांधा सोडवता येत नाही आणि बोटं मात्र चिकटतात. निदान पंखासाठी फेविकॉलच बरा. रात्रभर वाळू द्या.

आता दोन अर्धे जोडायचे. विमान समोरून पाहिलं की पंख उथळ इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर गेलेले दिसायला हवेत. त्यासाठी एक अर्धा टेबलाच्या कडेला ठेवून त्याचं बाहेरचं टोक ४ सेंमी उचलून टेकू द्या. आतलं टोक टेबलाच्या कडेशी जुळवा. ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून, ठोकळा उभाच ठेवून ते घासा. टोकाला हवा तो उतार मिळतो. दुसऱ्या अर्ध्याचंही तसंच. मग एक अर्धा बोर्डावर सपाट, दुसऱ्याचं टोक ८ सेंमी वर, आणि मधला सांधा चिकटवा. हा एकच सांधा असा आहे की तिथे फेविकॉल सढळ हातानं लावायचा.

हा व्ही कशासाठी? विमानात बसून सावरणारं कोणी नाही, म्हणून विमानानं स्वतः सावरायचं. एका बाजूला कललं की ते त्या बाजूला घसरू लागतं. घसरताना खालच्या पंखाला हवा जास्त कोनात लागते आणि तो पुन्हा वर उचलला जातो. शेपूट पंखापेक्षा किंचित कमी कोनात बसवलं की नाक खाली-वर होणंही असंच सावरलं जातं. या दोन्ही गोष्टी आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणानं १८७१ मध्ये करून दाखवल्या. पॅरिसच्या त्वीलरी बागेत त्याचं पिळलेल्या रबरावरचं 'प्लॅनोफोर' ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेलं. त्याच्याच नमुन्यावरून केलेलं रबरावर उडणारं एक खेळणं १८७८ मध्ये राइट बंधूंच्या वडिलांनी मुलांसाठी घरी आणलं होतं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

शेपटाची दोन्ही चौकटी तशाच बांधा, हलक्या लाकडाच्या. मागे वाचलेला एक ग्रॅम पुढे दोन-तीन ग्रॅम वाचवतो, कारण शेपूट जड झालं की तोल राखायला नाकावर मातीचा गोळा लावावा लागतो.

कागद

पतंगाच्या दुकानातला कागद चालतो. विमानांसाठीचा टिश्यू मिळाला तर उत्तम. कागदाला रेषा असते. एक कोपरा फाडून बघा: ज्या दिशेनं तो सरळ फाटत जातो, ती रेषा पंखाच्या लांबीकडे ठेवायची. चौकटीच्या कडांवर गोंदाची कांडी फिरवा, कागद वरून पसरा, सुरकुत्या बाहेरच्या बाजूला ओढत दाबा. एका वेळी अर्धाच पंख. वाळल्यावर कडेचा कागद नव्या पात्यानं किंवा ४०० च्या पॉलिश पेपरनं काढा.

पाणी फवारून कागद ताणून घ्यायची युक्ती कुठेतरी वाचाल. या विमानाला ती करू नका. कागद एकाच बाजूनं आहे आणि काड्या बारीक आहेत. कागद ताणला की चौकट वाकडी होते. थोडा सैल कागद उडतो, पिळवटलेला पंख उडत नाही. पावसाळ्याच्या दिवसांत दमट हवेनंही असं होतं, म्हणून पंख सपाट पुठ्ठ्यावर हलक्या वजनाखाली ठेवत जा.

जुळवणी

काडीच्या पुढच्या टोकाला पंखा. मागच्या टोकापासून ४ सेंमी पुढे, काडीच्या खालच्या बाजूला, पियानो वायरचा आकडा दोऱ्यानं गुंडाळून फेविकॉलनं पक्का करा. ही वायर तोडायला कटर किंवा कात्री नको, पकडच वापरा, आणि तोडताना तुकडा उडतो म्हणून डोळ्यांवर चष्मा ठेवा. शेपूट काडीच्या मागच्या टोकावर वरून चिकटवा आणि उभं शेपूट त्यावर. मागून बघा: सगळं सरळ दिसलं पाहिजे.

पंख चिकटवायचा नाही. ६ मिमी उंच, ११ सेंमी लांब बाल्साची पट्टी पंखाच्या मध्यावर खालून लावा. पंखाच्या पुढच्या कडेखाली, पट्टी आणि पंख यांच्यामध्ये, ३ मिमीची चीप ठेवा. यामुळे पंख शेपटापेक्षा सुमारे दोन अंश जास्त कोनात बसतो. ही पट्टी काडीवर दोन बारीक रबर बँडनी बांधा, म्हणजे पंख मागे-पुढे सरकवता येतो. लावण्याची निम्मी किल्ली इथेच आहे.

पंख्याचा आस थोडा खाली आणि किंचित उजवीकडे रोखलेला हवा, दोन-तीन अंश पुरे. प्लास्टिकचा भाग नुसता वाकवून होत नसेल तर काडीच्या टोकाशी कागदाची घडी घाला.

पंख्याच्या आसापासून मागच्या आकड्यापर्यंत रबर चढवून (ते कसं करायचं ते पुढे आहे) पंखाच्या टोकांखाली एकेक बोट धरून विमान उचला. पुढच्या कडेपासून साडेतीन सेंमीच्या आसपास ते सपाट तोललं पाहिजे. नसेल तर पंख सरकवा. नाक खाली जात असेल तर पंख पुढे, शेपूट खाली जात असेल तर पंख मागे.

रबर

ऑफिसातल्या रबर बँडच्या साखळीवर विमान उडतं, पण थोडंच. विमानांसाठीची ३ मिमी रुंद रबर पट्टी मागवा. सहा-सात उड्यांनंतर फरक कळेल. गलोलीचं रबर मात्र नको, ते ओढायला असतं, पिळायला नाही.

साठ सेंमी पट्टी घेऊन तिची टोकं बांधा. गाठ थुंकीनं ओली करून आवळली की सरकत नाही. तीसएक सेंमीचं वेटोळं मिळतं, आकड्यांमधल्या अंतरापेक्षा थोडं लांब. नवं रबर आधी चार-पाच वेळा तिप्पट-चौपट ओढून सैल सोडा. मग त्याला वंगण लावा: सिलिकॉन तेल, नाहीतर ग्लिसरीन आणि द्रव साबण समसमान. शिलाई मशीनचं तेल आणि व्हॅसलिन रबर खातं. उन्हातही रबर मरतं, म्हणून काळ्या डबीत, थंड जागी ठेवा. मैदानावर गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं रबर संध्याकाळपर्यंत चिकट झालेलं मी पाहिलंय.

लावणं

सकाळी साडेसहा ते आठ. त्यानंतर वारा उठतो आणि विमान काय सांगतंय ते कळेनासं होतं. झाडाचं पान हलत असेल तर घरी जा. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सोन्याचे. संक्रांतीच्या आसपास मात्र मैदान टाळा, मांजा कागदालाही कापतो आणि गळ्यालाही. पावसाळ्यात मंगल कार्यालयाचा रिकामा हॉल मिळाला तर भाग्य. आत गेल्यावर आधी छताचे पंखे बंद करून घ्या.

पहिली फेरी पीळ न देता. विमान खांद्याच्या उंचीवर, नाक किंचित खाली, आणि हात पुढे नेत सोडून द्यायचं. फेकायचं नाही. गवत असेल तिथेच. तीन गोष्टी होऊ शकतात. विमान सरळ, सावकाश उतरत सात-आठ मीटरवर टेकलं तर उत्तम. नाक वर करून थबकलं आणि मग खाली पडलं, पुन्हा वर, पुन्हा खाली, लाटेसारखं, तर पंख ३ मिमी मागे. सरळ जमिनीत घुसलं तर पंख ३ मिमी पुढे. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर निदान दोन फेऱ्या. पंखही सरकवला, शेपूटही वाकवलं आणि विमान सुधारलं, तर कशानं सुधारलं हे कधीच कळणार नाही. छोट्या वहीत लिहीत जा. हे कंटाळवाणं वाटतं, पण तिसऱ्या सकाळी तीच वही वाचवते.

एका पंखाची मागची कड वाकली असेल तर विमान त्याविरुद्ध किंवा त्या बाजूला कलतं. मागून डोळा लावून दोन्ही पंख तपासा. चहाच्या किटलीच्या वाफेवर दहा सेकंद धरून, हळूच उलट पीळ देऊन, थंड होईपर्यंत तसंच धरलं की वाकडेपण निघतं.

आता पीळ. पंखा बोटानं उलट फिरवून साठ-सत्तर वेढे द्या, बास. पहिल्याच दिवशी रबर गच्च भरणारा म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. साठ वेढ्यांत विमान फारतर समतल जाईल, पण काय बिघडलंय ते मऊपणे सांगेल. तेच पाचशे वेढ्यांत सांगितलं तर तुमच्याकडे चुरा उरेल.

पंखा एका दिशेला फिरतो म्हणून विमान उलट दिशेला कलू पाहतं. नेहमीच्या तयार पंख्यानं ते डावीकडे वळतं. वळू द्या, त्याच्याशी भांडू नका. दहा-बारा मीटरचा डावा गोल आपल्याला हवाच आहे, नाहीतर विमान आणायला मैदानापलीकडे जावं लागेल. गोल फारच लहान होऊन विमान आत घसरत खाली येत असेल, तर डाव्या पंखाची मागची कड २ मिमी खाली वाकवा किंवा आस आणखी थोडा उजवीकडे रोखा. पिळात असताना नाक वर करून थबकत असेल, पण रबर संपल्यावर छान तरंगत असेल, तर पंखाला हात लावू नका. आस आणखी खाली रोखा. नवे लोक इथेच घोटाळा करतात: पंख सरकवतात आणि जमलेलं तरंगणं घालवून बसतात.

मग शंभर, दीडशे, अडीचशे. प्रत्येक पायरीवर दोन उड्या, वहीत नोंद.

तीनशेच्या पुढे बोटानं पिळणं जमत नाही. हातानं फिरवायच्या ड्रिलला वायरचा आकडा लावा आणि दांड्याच्या एका फेरीत आकडा किती वेळा फिरतो ते मोजून ठेवा. सोबत्यानं विमान नाकापाशी, पंख्यासकट धरायचं. रबराचं मागचं टोक आकड्यावरून काढून, त्यात एक छोटी ओ-रिंग (गोल कडी) अडकवून ड्रिलला लावायचं. चौपट लांब ओढत मागे जायचं आणि ठरवलेल्यापैकी निम्मे वेढे तिथेच द्यायचे. उरलेले देताना सावकाश पावलं टाकत पुढे यायचं. न ओढता पिळलं तर निम्म्यातच गाठी पडतात. ओ-रिंग मागच्या आकड्यावर चढवा, पंखा सोडू नका. चष्मा दोघांनीही लावायचा. तुटलेलं रबर काडीचे दोन तुकडे करतं आणि बोटावर चाबूक मारतं.

किती वेढे चालतील हे रबरालाच विचारायचं. त्याच गठ्ठ्यातलं तेवढंच दुसरं वेटोळं घरी ड्रिलवर, विमानाशिवाय, तुटेपर्यंत पिळा. आकडा लिहून ठेवा आणि मैदानावर त्याच्या ऐंशी टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, रबराचा मात्र जातो. पिळून ठेवलेलं रबर दर मिनिटाला थोडं मरतं, म्हणून वेढे भरले की फोटो न काढता सोडा.

या खेळाचं टोक बघायचं असेल तर बंद सभागृहात उडणाऱ्या एफ-वन-डी या स्पर्धा-प्रकारातल्या विमानांचे व्हिडिओ शोधा. रबराशिवाय विमानाचं वजन निदान १.४ ग्रॅम आणि रबर फार तर ०.४ ग्रॅम, तरी वीस मिनिटांहून जास्त उडतं. पंखा इतका हळू फिरतो की पाती मोजता येतात.

आपलं दहा ग्रॅमचं विमान कोवळ्या उन्हात वर जाणाऱ्या गरम हवेत सापडलं तर ठिपका होऊन जातं, म्हणून पंखाच्या खालच्या बाजूला फोन नंबर पेन्सिलीनं लिहून ठेवा. विमानतळाच्या वाटेवरची मैदानं सोडा. झाडावर अडकलं तर दगड मारू नका, दगडानं विमान खाली येतं ते काड्यांच्या रूपात. लांब बांबूच्या टोकाला वायरचा बोथट आकडा बांधून विमान मधल्या काडीला धरून उचला, पंखाला नाही. बांबू पोचत नसेल तर नऊपर्यंत थांबा. सकाळी ज्या वाऱ्याला नावं ठेवली, तो उठला की बहुतेक वेळा तोच खाली आणून देतो.